पाच देशांचा हट्ट सोडा, पाणवठे धरा

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून माझे वय ६२ आहे. पत्नी ५८ वर्षांची आहे आणि तिला गुडघ्यांचा थोडा त्रास आहे. आमचे व्याही आणि विहीणबाई साधारण आमच्याच वयाचे आहेत. ताडोबा, मेळघाट, कान्हा आम्ही चौघांनी मिळून पाहिले असून मी स्वतः गाडी चालवत लडाखला जाऊन आलो आहे. आता दिवाळीच्या सुमारास २१ दिवसांत दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, झिम्बाब्वे, झांबिया आणि नामिबिया हे पाच देश भाड्याच्या जीपने, टपावरच्या तंबूत राहून पाहण्याचा बेत आहे. जोहान्सबर्गला उतरून क्रूगरपासून सुरुवात करायची आणि केपटाउनहून परतायचे. मुलाचे म्हणणे असे, की या वयात हे धाडस नको, परदेशी पर्यटकांच्या ट्रकमधून जाणारी सहल घ्या. आपले मत काय?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या पत्रासोबतचा हाताने काढलेला नकाशा मी दोनदा पाहिला. त्यावरच्या लाल रेघेची बेरीज अभयारण्यांच्या आतले फिरणे वगळूनही पाच हजार किलोमीटरच्या पुढे जाते, आणि जाण्यायेण्याचे दिवस सोडले तर आपल्या हातात जेमतेम अठरा दिवस उरतात. म्हणजे रोज सरासरी पावणेतीनशे किलोमीटर, तेही सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच, कारण रात्री जनावरे रस्त्यावर येतात आणि भाड्याच्या गाडीचा विमा अंधारात झालेल्या अपघाताची जबाबदारी बहुधा घेत नाही. प्राणी दिसतात ते सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते सहा या वेळांत. आपल्या आखणीत या दोन्ही वेळा गाडी महामार्गावर असेल आणि आपण वाघ बघायला निघून चंद्रपूरचा बसस्टँड बघून आल्यासारखे परताल. बेत धाडसाचा आहे म्हणून मी अडवत नाही, तो जंगल बघण्याचा उरलेला नाही एवढेच सांगते.

आपण ताडोबाला मे महिन्यात गेला असाल, तर तिथल्या उन्हात लोक का जातात हे आपल्याला सांगायला नको. पानगळ झालेली असते, नाले आटलेले असतात आणि जनावराला पाण्यावर यावेच लागते. आफ्रिका खंडाच्या या दक्षिण भागात तीच स्थिती जून ते ऑक्टोबर या महिन्यांत असते, कारण विषुववृत्ताच्या खाली असल्याने तिथला हिवाळा कोरडा आणि पाऊस उन्हाळ्यात. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, उष्मा चाळिशीच्या आसपास पोहोचलेला असतो आणि पहिल्या वळवाच्या सरी आल्या की प्राणी पाणवठे सोडून रानभर पांगतात. म्हणून पहिली दुरुस्ती तारखांची. श्रावण लागता लागता, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी निघा आणि गौरी-गणपतीच्या आत घरी परत या. त्या दिवसांत तिथे रात्री चांगल्याच थंड असतात, पहाटे उघड्या जीपमध्ये बोटे वाकत नाहीत, तेव्हा स्वेटरबरोबर कानटोपी आणि हातमोजेही न्या. मात्र ऑगस्ट हा युरोपीय पर्यटकांच्या सुट्टीचा महिना असल्याने राहण्याच्या जागा दहा-अकरा महिने आधी धराव्या लागतील. येत्या दिवाळीचा बेत पुढच्या श्रावणावर जाईल, पण थांबलेले दिवस वसूल होतील.

दुसरी दुरुस्ती देशांची. दक्षिण आफ्रिका या खेपेस पूर्ण वगळा. क्रूगर उत्तम आहे, किंबहुना स्वतः गाडी चालवून जंगल बघण्यासाठी त्याच्याइतकी सोपी जागा नाही, पण सुमारे साडेतीनशे किलोमीटर उभ्या पसरलेल्या त्या अरण्याला निदान आठ दिवस द्यायला हवेत आणि ते स्वतंत्र सहलीचे काम आहे. आपण नामिबियात विंडहुकला उतरून पूर्वेकडे सरकत जावे, बोट्स्वानात कसानेला गाडी सोडावी आणि झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सहून विमान धरावे. हा रस्ता सगळा मिळून सतराशे किलोमीटरच्या आसपास भरतो. एकाच दिशेने जायचे असल्यामुळे तिन्ही देशांत एकदाच शिरायचे आणि एकदाच बाहेर पडायचे, त्यामुळे व्हिसाचे काम सुटसुटीत होते. आपल्या मूळ आखणीत दक्षिण आफ्रिकेत दोनदा प्रवेश करावा लागणार होता, आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा हाती असता तर परतीच्या वाटेवर आपण सीमेवरच अडकला असता. व्हिसाचे नियम आणि शुल्क वारंवार बदलत असल्याने निघण्याच्या तीन महिने आधी त्या त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा उच्चायुक्तालयाच्या संकेतस्थळावरच खात्री करावी, ओळखीच्या एजंटच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

हा पट्टा मी सुचवते त्यामागे आणखी एक कारण आहे. नामिबिया, बोट्स्वाना, झिम्बाब्वे, झांबिया आणि अंगोला या पाच देशांनी २०११ साली करार करून सुमारे ५ लाख २० हजार चौरस किलोमीटरचे एक सलग संरक्षित क्षेत्र आखले, ज्याला काझा म्हणतात. आपल्या महाराष्ट्राच्या पावणेदोन पटींच्या जवळ जाणारा हा विस्तार आहे, आणि २०२२ च्या हवाई गणनेत त्यात सुमारे २ लाख २८ हजार हत्ती मोजले गेले. हत्तींना व्हिसा लागत नाही, ते रात्रीतून नदी ओलांडून देश बदलतात. तेव्हा पासपोर्टवर शिक्के किती पडले यापेक्षा आपण त्यांच्या वाटेवर किती वेळ थांबलो हे महत्त्वाचे धरून मी पुढचे दिवस वाटले आहेत.

विंडहुकला दोन रात्री ठेवाव्यात. त्यांत गाडी ताब्यात घेणे, वाणसामान भरणे आणि झोप पुरी करणे होईल. तिसरी रात्र ओत्जीवारोंगोला. त्यानंतर एतोशाला पाच रात्री, आणि या पाचांतली एकही कापू नये अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

एतोशा १९०७ साली संरक्षित झाले. २२ हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या या अरण्यात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे एक पांढरे, सपाट, खारट मैदान आहे. एके काळचे हे सरोवर आता वर्षातला बहुतेक काळ कोरडे असते. या मैदानाच्या दक्षिण काठावर जमिनीतून झरे वर येतात, काही ठिकाणी कूपनलिकांनी पाणी सोडतात, आणि ओकाउक्वेयो, हलाली, नामुतोनी ही तिन्ही विश्रामगृहे त्याच काठाने एकमेकांपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहेत. पाण्याच्या या ओळीवरच सगळा खेळ आहे. ओकाउक्वेयोला तीन रात्री आणि हलाली व नामुतोनीला एकेक रात्र राहा. गाडी आपली, गाइड नाही, जिप्सींची शर्यत नाही. ताशी साठ किलोमीटरची मर्यादा आहे, पण खरे तर पंचवीसनेच चालवावी, आणि एका पाणवठ्याशी जाऊन उन्हाकडे पाठ करून इंजिन बंद करावे. झेब्र्यांचा कळप शंभर पावलांवर येऊन उभा राहतो, पुढची मादी मान उंच करते, चार पावले येते, पुन्हा थांबते. कुठे तरी एक फुरफुरते आणि सगळा कळप धूळ उडवत मागे पळतो. असे तीन-चार वेळा झाल्यावर कुठे पहिले तोंड पाण्याला लागते. पाऊण तास लागतो याला. ज्यांना पुढचा पाणवठा गाठायची घाई असते, ते पहिल्या धुळीनंतरच गाडी सुरू करतात.

रात्री फाटकाबाहेर जाता येत नाही, पण ओकाउक्वेयोच्या कुंपणाला लागूनच एक पाणवठा आहे, ज्यावर रात्रभर मंद दिवे असतात. बुटक्या दगडी भिंतीमागे बाके मांडलेली आहेत. मेळघाटात बुद्धपौर्णिमेला मी पाणवठ्यावरच्या गणतीसाठी मचाणावर रात्र काढली आहे, तिथे चांदण्यात जे दिसले त्यापेक्षा जास्त मी कल्पनेनेच पाहिले असेन. इथे काळ्या गेंड्याची मादी आणि तिचे पिल्लू समोर चाळीस पावलांवर पाणी पीत होते आणि त्या शांततेत पाण्याचा घोट घशाखाली उतरतानाचा आवाज बाकापर्यंत येत होता. पिल्लू आईच्या मागच्या पायांमधून वाट काढत होते. शेजारच्या वृद्ध जर्मन बाईंनी थर्मासचे झाकण उघडताना केलेला आवाज पिल्लाने ऐकला आणि कान आमच्याकडे वळवले, तेव्हा बाईंनी ते झाकण पुढचा अर्धा तास तसेच हातात धरून ठेवले. तिथे पोहोचल्यावर जेवण सातच्या आत उरका आणि दोन ब्लँकेटे घेऊन आठपासून बसा. गेंड्याची छायाचित्रे जागेच्या खुणेसह समाजमाध्यमांवर टाकू नका, शिकारी टोळ्या तीही बघतात.

एतोशाच्या पूर्व फाटकातून बाहेर पडल्यावर रुंडूपर्यंतचा दिवस लांबचा आहे, चारशे किलोमीटरच्या थोडा वर. ग्रूटफोंटाइन ओलांडल्यावर मुरुरानी येथे एक तपासणी नाका लागतो आणि तिथून दृश्यच बदलते. कुंपणबंद मोठ्या शेतांऐवजी रस्त्याकडेला गावे, गुरे, शाळेतून चालत निघालेली मुले. हा नाका जनावरांच्या रोगासाठी आहे. १८९७ च्या सुमारास आलेल्या बुळकांडीच्या साथीत तेव्हाच्या जर्मन राजवटीने गुरांच्या ये-जा करण्यावर जी रेषा आखली, तिचाच वारसा पुढे लाळ्या-खुरकूत रोखण्यासाठी चालू राहिला. उत्तरेकडून दक्षिणेला कच्चे मांस नेता येत नाही. बोट्स्वानाच्या सीमेवरही तसेच, तिथे औषधात भिजवलेल्या पोत्यावर बूट पुसावे लागतात आणि गाडीतले दूध-मांस तपासतात. आपण चौघे शाकाहारी असल्याचे लिहिले आहे, त्यामुळे त्रास कमी होईल. तरी घरून नेलेला खाऊ बंद पाकिटातला आणि कोरडा असू द्या. भडंग, मेतकूट, दशम्या चालतील. लोणच्याची बरणी नको, एक आख्खी बॅग तिच्या तेलात भिजलेली मी पाहिली आहे.

रुंडूनंतर कॅप्रिव्हीचा चिंचोळा पट्टा सुरू होतो. दिवुंडूला दोन रात्री राहून महांगोचे अभयारण्य बघावे, आणि इथेच ओकावांगो नदीशी आपली भेट होते. आपल्या यादीत ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातले मोरेमी आणि चोबे राष्ट्रीय उद्यानातले साव्हुती होते, ते मी मुद्दाम गाळले आहेत. तिथे मऊ, खोल वाळूतून फोर-बाय-फोर चालवावी लागते, टायरमधली हवा कमी करून, आणि गाडी रुतली तर मागून दुसरी गाडी येईपर्यंत बसून राहावे लागते. लडाखचा रस्ता आपण केलात तो डोंगराचा होता, वाळूचा सराव वेगळा. एकटी गाडी, चार साठीचे प्रवासी आणि मोबाइलला रेंज नाही, या हिशेबाला मी संमती देणार नाही. ओकावांगोचा तोच प्रवाह महांगोला भरल्या अंगाने दिसतो. या नदीचे पाणी अंगोलाच्या डोंगरांतल्या पावसाचे असते, आणि ते त्रिभुज प्रदेशात पसरायला इतके महिने लागतात, की तिकडे एक थेंब पडत नसताना, ऐन कोरड्या जून-ऑगस्टमध्ये तिथला पूर टिपेला असतो. त्या प्रदेशावरून छोट्या विमानाने उडण्याची हौस असेल तर बोट्स्वानातल्या मौन या गावी पुढे कधी तरी स्वतंत्र जा.

पुढे क्वांडो नदीकाठी कोंगोलाजवळ दोन रात्री राहा. दुपारी तीननंतर ब्वाब्वाता राष्ट्रीय उद्यानातल्या नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर हत्तींचे कळप पाण्यावर उतरतात. मग काटिमा मुलिलोवरून न्गोमाचा पूल ओलांडून कसाने. हे अंतर थोडे असले तरी सीमेवर दुपारच्या आतच पोहोचा, कारण ते ठाणे संध्याकाळी बंद होते. कसानेला तीन रात्री ठेवा, पण चोबेच्या नदीकाठावर स्वतःची गाडी घालू नका, ती वाळू तिथल्या चालकांना सोडा. सकाळी त्यांची जीप आणि दुपारी नाव असे दोन्ही घ्या, नाव लहानात लहान घ्या. पत्नीच्या गुडघ्यांना उंच जीपच्या पायऱ्यांपेक्षा नाव सुखाची, आणि पोहत पलीकडे जाणाऱ्या हत्तीची फक्त सोंड आणि कपाळ पाण्यावर तरंगताना बघायला तिच्यापेक्षा चांगली जागा नाही.

कसानेहून व्हिक्टोरिया फॉल्स अवघ्या ऐंशी किलोमीटरवर आहे. गाडी कसानेलाच परत करा आणि तिथल्या प्रवासी व्हॅनने सीमा ओलांडा, कारण झिम्बाब्वेत भाड्याची गाडी न्यायची तर तात्पुरत्या आयातीचा परवाना, प्रदूषण कर, रस्ता शुल्क, स्थानिक विमा अशी कागदांची चळत उभी राहते. चळत पुरी करून मिळणार ती गाडी दोन दिवस हॉटेलच्या आवारात उभी राहणार. १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच हा धबधबा एप्रिलात इतका भरतो, की तुषारांपलीकडे काही दिसत नाही, आणि नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा पडतो. ऑगस्टमध्ये पाणी भरपूर आणि कडाही दिसतो. चौथ्या देशाची हुरहूर राहिलीच तर कसानेजवळच्या काझुंगुलाला २०२१ साली खुला झालेला, झिम्बाब्वेची हद्द टाळण्यासाठी मुद्दाम वळण घेतलेला ९२३ मीटरचा पूल बघून घ्या. त्याच्या पलीकडच्या टोकाला झांबिया आहे.

आता टपावरचा तंबू. जाहिरातीत तो फार छान दिसतो. रात्री दोन वाजता, सहा अंश तापमानात, गुडघेदुखीच्या माणसाने शिडीने खाली उतरून बॅटरीच्या उजेडात स्वच्छतागृह शोधायचे, आणि शेजारच्या तंबूत विहीणबाई झोपलेल्या असायच्या, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणून बघा. वरील रस्त्यावर सगळीकडे पक्क्या खोल्या मिळतात, तेव्हा तंबू नसलेली, जमिनीपासून उंच आणि मागे भरपूर जागा असलेली गाडी घ्या. हा मार्ग बहुतांशी डांबरी आहे, एतोशातले रस्ते खडीचे असले तरी दाबलेले आहेत. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, हा मोठा दिलासा. खडीवर ऐंशीच्या वर जाऊ नका. तिथले बहुतेक अपघात समोरून कुणी धडकल्याने होत नाहीत, वेगात एकट्यानेच गाडी घसरून उलटल्याने होतात.

गाडी ताब्यात घेताना तिथल्याच आवारात एक चाक स्वतः काढून पुन्हा बसवून बघा. आम्ही हे केले नव्हते. वॉटरबर्गच्या खडीच्या रस्त्यावर टायर फाटला, जादा चाक होते, पण दिलेला पाना त्या गाडीच्या नटांना बसतच नव्हता. दोन तासांनी एका शेतकऱ्याचा ट्रक आला आणि त्याने स्वतःचा पाना काढून दिला. कंपनीने नंतर दिलगिरी कळवली, पण ती त्या दुपारी उपयोगाची नव्हती. त्याबरोबर सीमा ओलांडण्याचे अधिकारपत्र आणि नोंदणीची साक्षांकित प्रत मागून घ्या, त्यांवरचे इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून बघा, आणि कसानेला गाडी सोडण्याचे जादा शुल्क लेखी घ्या. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आपण आणि व्याही दोघांनीही काढा, मूळ परवानाही जवळ ठेवा, आणि कंपनीची चालकासाठी वयोमर्यादा आहे का हे आगाऊ विचारा.

प्रकृतीबाबत दोन गोष्टी. एतोशापासून पुढचा सगळा पट्टा हिवतापाचा आहे, कोरड्या ऋतूत डास कमी असले तरी प्रतिबंधक गोळ्या आपल्या नेहमीच्या औषधांशी जुळतात का हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दुसरी गोष्ट विमानाच्या मार्गाची. अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जाणारी तिकिटे स्वस्त दिसतील, परंतु इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराच्या यादीतले देश आहेत. तिथे लांबचा थांबा झाला तर पुढच्या देशात, आणि परतताना आपल्याच विमानतळावर, लसीचा दाखला मागितला जाऊ शकतो. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणाची तरतूद आहे. ही लस साठीनंतर सरसकट देत नाहीत, धोका तोलून देतात. म्हणून आखाती देशांतून जोहान्सबर्गमार्गे विंडहुकला जा, आणि सामान थेट शेवटपर्यंत नोंदवले आहे ना हे मुंबईलाच बघा.

चिरंजीवांच्या ट्रकबद्दल. वीसेक जण, उंच खिडक्या, बरोबर स्वयंपाकी आणि चालक, अशी ही सोय असते. सीमेवरची कटकट त्यांच्या माथी जाते, हे खरेच सुख आहे. पण पहाटे पाचला तंबू गुंडाळणे आणि जेवणानंतर भांडी विसळणे बहुतेक सहलींत प्रवाशांकडे असते, आणि पाणवठ्यावर पाऊण तास बसायचे की निघायचे हे बहुमताने ठरते. व्याही गाडी चालवायला नाखूश असतील, तर मात्र खोल्यांत मुक्काम असलेली ट्रकची सहल निवडा, एकट्या आपल्यावर सतराशे किलोमीटर टाकू नका.

पैशांपैकी दक्षिण आफ्रिकेचे रँड विंडहुकपासून कॅप्रिव्हीपर्यंत चालतात, नामिबियाचा डॉलर त्याच्याशी समान दराने बांधलेला आहे. बोट्स्वानात पुला हे तिथले चलन लागेल आणि झिम्बाब्वेसाठी अमेरिकी डॉलरच्या एक, पाच, दहाच्या नोटा लागतील, सुटे परत मिळण्याची आशा ठेवू नये. दुर्बिणी दोन नकोत, चार घ्या, नाही तर पाणवठ्यावर जे काही घडेल ते चौघांपैकी दोघांना सांगूनच कळेल. आता सगळ्यात आधी ओकाउक्वेयोच्या तीन रात्रींची चौकशी पाठवा, आणि त्या तारखा पक्क्या झाल्याचे उत्तर हातात आल्यावरच विमानाची तिकिटे काढा.